गंजलेली जुनी मोटार : उभी करावी की मोडीत काढावी?

जुन्या मोटारींचा शौक एकेकाळी राजेरजवाडे आणि मुंबई-पुण्याची धनिक मंडळी करीत. आता तो तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचला आहे. कुणाच्या वाड्यामागे, कुणाच्या मळ्यातील शेडमध्ये, कुणाच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळात वर्षानुवर्षे उभी असलेली मोटार बाहेर काढली जाते, गॅरेजवाल्याला दाखविली जाते आणि विचारले जाते, "उस्ताद, ही पुन्हा उभी राहील का?" प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्यात मालकाची पुंजी, घरातील वारसांचे हक्क आणि कारागिराची अब्रू या तिन्ही गोष्टी पणाला लागतात.

आमचा धंदा कापडाचा, मोटारीचा नव्हे. परंतु इंदापूर तालुक्यातील आमच्या नात्यातल्या एका घरात हाच प्रश्न उभा राहिला आणि सल्ला देण्याचे काम आमच्याकडे आले. त्या निमित्ताने बारामतीच्या डेंटर, पेंटर, वेल्डर मंडळींकडे आमच्या अनेक चकरा झाल्या. जे पाहिले आणि समजून घेतले, ते व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडीत आहोत.

मोटार होती १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट. घरच्या वडिलांनी ती हौसेने घेतली, पुष्कळ वर्षे चालविली आणि पुढे शेडमध्ये लावली ती कायमची. वडिलांचा इंतकाल झाला. शेडमध्ये खताची पोती आली, शेजारी जनावरे बांधली गेली. थोरला मुलगा म्हणत होता की भंगारवाल्याला द्यावी. धाकटा म्हणत होता की वाटेल तो खर्च करून उभी करावी. धाकट्याजवळ रक्कम होती, पण ती तयार कपड्यांच्या कामासाठी शिलाई यंत्रे घ्यावयाची म्हणून बाजूला काढलेली होती. म्हणजे एका बाजूला वडिलांची आठवण आणि दुसऱ्या बाजूला चार हातांना मिळणारा रोजगार, असा हा पेच होता.

इंदापूर आणि मोटार

या मोटारीचे इंदापूरशी नाते आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या शिवारात माळरानावर ऊस लावून साखर कारखाना उभारला आणि त्यातून वालचंदनगर वसले. याच गृहस्थांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली व तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभारला. प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ या गाड्या तेथे जुळविल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. वालचंद शेठ १९५३ साली वारले. त्यानंतर फियाट ११०० रस्त्यावर आली, १९६४ पासून 'डिलाइट' निघाली आणि सत्तरच्या दशकात फियाटचे नाव जाऊन तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, ही तिची ओळख. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती हजारोंनी धावली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत ती टॅक्सी म्हणून दिसेनाशी झाली, कारण अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत तेव्हा संपली.

व्यापाराच्या दृष्टीने यात एक धडा आहे. टॅक्सी धावत होत्या तोवर त्यांचे सुटे भाग बनविणारे, विकणारे आणि दुरुस्त करणारेही पोट भरत होते. गाडी रोजच्या वापरातून गेली की भाग दुर्मिळ होतात आणि प्रत्येक वस्तूची किंमत गरजवंताच्या तोंडाकडे पाहून सांगितली जाते. जुनी मोटार उभी करावयास निघालेल्याने हे आधीच गृहीत धरावे.

स्पोर्ट्स मोटारीचा मोह

धाकट्या भाच्याच्या मनात फियाट उभी करण्यापेक्षाही मोठे वेड होते. त्याला कुणीतरी सांगितले होते की जुनी स्टँडर्ड हेराल्ड मिळाली तर तिची छप्पर नसलेली स्पोर्ट्स मोटार करता येते. या सांगण्याला थोडा आधार आहे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून बनविलेली हेराल्ड ही मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. इटलीच्या मिकेलोत्ती नावाच्या कारागिराने तिचे रूप आखले होते. याच हेराल्डची चॅसिस आखूड करून व बदलून ट्रायम्फ कंपनीने १९६२ साली 'स्पिटफायर' ही प्रसिद्ध स्पोर्ट्स मोटार काढली. म्हणजे आपल्याकडची हेराल्ड ही त्या स्पोर्ट्स मोटारीची सख्खी बहीणच.

येथे एक महत्त्वाचा भेद समजून घ्यावा. हेराल्डला खाली वेगळी चॅसिस असते आणि वरचे पत्रे बोल्टने बसविलेले असतात. एक भाग कुजला तर तो सोडवून दुसरा बसविता येतो. फियाट ११०० ला वेगळी चॅसिस नाही. तिचा फ्लोअर, दाराखालचे उंबरे, खांब आणि छप्पर मिळून एकच पेटी आहे आणि तीच सारा भार वाहते. कापडाच्या भाषेत सांगावयाचे तर हेराल्ड म्हणजे अस्तर वेगळे असलेली शेरवानी आणि फियाट म्हणजे एकसंध विणलेली शाल. शेरवानीची बाही बदलता येते. शालीचा काठ कुजला तर साऱ्या शालीचा ताण बिघडतो.

इंग्लंडमध्ये एमजी बी या स्पोर्ट्स मोटारीची रचनाही अशीच एकसंध आहे. तिच्या गंजावर तेथे जो तोडगा निघाला तो धंद्याचाच होता. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने साचे गोळा करून १९८८ पासून तिची संपूर्ण नवी बॉडी तयार करून विकण्यास सुरुवात केली. तेथील मालकाने हिशेब करावा आणि सडलेली बॉडी टाकून नवी घ्यावी, अशी सोय झाली. आपल्या फियाटसाठी असा तयार मार्ग नाही. येथे डेंटरचा हातोडा हाच कारखाना आहे. म्हणून परदेशातील मासिके पाहून येथला निर्णय घेणे बरोबर नव्हे.

गंज किती, यापेक्षा गंज कोठे?

आम्ही बारामतीहून एका वयस्कर डेंटर उस्तादांना मळ्यावर नेले. त्यांनी मोटारीच्या बाहेरच्या अंगाकडे फारसे पाहिलेच नाही. बॉनेट, मडगार्ड, दारे यांवरचा गंज पाहून मालक घाबरतो. पण हे भाग बदलता येतात, पत्रा ठोकून नवे करता येतात. उस्ताद खाली चटई टाकून गाडीखाली गेले आणि छोटी हातोडी व टोचा घेऊन एकेक जागा तपासू लागले. घट्ट पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द येतो. टोचा आत गेला की तेथे पत्रा नाही, फक्त रंग आणि गंज आहे असे समजावे.

त्यांनी ज्या जागा पाहिल्या, त्या कारागीर बंधूंनी लक्षात ठेवाव्यात. दाराखालचे उंबरे, फ्लोअरच्या कडा, जॅक लावण्याच्या जागा, मागच्या पाट्याची टोके जेथे बॉडीला अडकतात ते भाग, पुढच्या चाकांचा भार येतो ती जागा आणि काचेखालची पट्टी. यांतील एक-दोन जागा गेल्या असतील तर काम होते. सगळ्याच गेल्या असतील तर मोटार उरली नाही, मोटारीचा आकार उरला, असे उस्तादांचे म्हणणे.

आमचा बारामती-इंदापूरचा मुलूख कमी पावसाचा. कोकणात जसा पत्रा खाऱ्या वाऱ्याने जातो तसा येथे जात नाही. मग ही मोटार इतकी कशी गंजली? कारण शेडमध्येच होते. रासायनिक खतातील क्षार हवेतील ओल ओढून घेतात आणि लोखंड खातात. जनावरांच्या मूत्राचाही तोच परिणाम. शिवाय चाकांतील हवा जाऊन मोटार मातीवर टेकली होती आणि खालून ओल चढत होती. ज्या बाजूला खताची पोती होती त्या बाजूचा उंबरा हाताने चुरगळत होता. दुसऱ्या बाजूचा अर्धा शाबूत होता. मागच्या पाट्याची एक जागा पार गेलेली, दुसरी धरण्याजोगी. छप्पर, खांब आणि चारही दारे मात्र उत्तम. इंजिन जाम होते. उस्तादांनी ते जोराने फिरवू दिले नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडावे आणि काही दिवस थांबावे, घाई केली तर रिंगा तुटतील, असे त्यांनी बजाविले.

"काम होईल," ते म्हणाले. "पण आधी दाराच्या चौकटीत आडव्या लोखंडी पट्ट्या मारून पेटी बांधावी लागेल. मग एका वेळी एकच बाजू कापायची. दोन्ही उंबरे एकदम कापले तर गाडी मधून बसेल आणि दारे पुन्हा कधी लागणार नाहीत." चाळीस वर्षांचा हुन्नर या तीन वाक्यांत होता.

कागद आधी, हातोडा नंतर

मोटार कितीही सुंदर उभी राहिली आणि कागद नसले, तर ती विकता येत नाही आणि रस्त्यावरही आणता येत नाही. म्हणून पहिला खर्च कागदांवर करावा. चॅसिस क्रमांक व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतो का, हे आधी पाहावे. बारामतीच्या परिवहन कार्यालयाची एमएच-४२ ही मालिका पुष्कळ नंतरची. जुन्या तीन अक्षरी क्रमांकाच्या मोटारीची नोंद पुण्याच्या दप्तरात शोधावी लागण्याचा संभव असतो.

मालक मयत असेल तर मोटार आपोआप कब्जेदाराची होत नाही. वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना ३१ चा अर्ज करावा लागतो आणि इतर वारसांची संमती लागते. आमच्या या घरात दोन भाऊ महिनाभर वाद घालीत होते. पण त्यांना एक विवाहित बहीण आहे व तिचाही या वस्तूत हिस्सा आहे, हे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते. आम्ही तिला विचारावयास सांगितले. हे केवळ कायद्यासाठी नव्हे. हक्क लहान वस्तूचा असला तरी तो हक्कच असतो.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क १०,००० रुपये करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा.

५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले आहेत. त्यांना 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि पुढील नूतनीकरण ५,००० रुपये. अशी मोटार प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वा धंद्याच्या वापरासाठी नाही. सर्वांत महत्त्वाची अट अशी की चॅसिस, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे गंजलेली बॉडी फेकून काही वेगळेच बसविले किंवा छप्पर कापून 'स्पोर्ट्स' केली, तर हा मान गेलाच म्हणून समजा. धाकट्याचे छप्पर कापण्याचे स्वप्न येथेच संपले.

मोडीत द्यावयाची झाली तरी ती नोंदणीकृत वाहन-मोड केंद्रात द्यावी. तेथे जमा प्रमाणपत्र मिळते व नवे वाहन घेताना करात सवलत मिळू शकते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिली तर मोटार जाते, पण दप्तरात ती तुमच्याच नावे राहते.

हिशेब

आता व्यापाऱ्याचा भाग. समजा, बॉडी, इंजिन, ब्रेक, वायरिंग, गादीकाम, रंग व कागद मिळून ५ लाख रुपयांचा अंदाज निघाला. गंजाच्या कामात अंदाज कधीच पुरा पडत नाही, कारण एक पत्रा काढला की आतला दुसरा दिसतो. म्हणून त्यात चौथा हिस्सा मिळवावा. झाले सव्वासहा लाख. तशीच चालती, चांगली मोटार बाजारात समजा ३ लाखांना मिळत असेल, तर उरलेले सव्वातीन लाख हे आठवणीचे मोल आहे. आठवणीचे मोल देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते मोल आहे, गुंतवणूक नव्हे, हे स्वतःशी कबूल करावे. "पुढे किंमत वाढेल" या आशेवर घरची रक्कम अडकविणे म्हणजे लग्नसराई संपल्यावर शालू भरून ठेवण्यासारखे आहे.

दुसरे असे की अडकलेली रक्कम फिरत नाही. आमच्या धंद्यात एक लाखाचा माल वर्षातून तीन-चार वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीत थोडे देऊन जातो. गॅरेजमध्ये उभ्या मोटारीवरचा पैसा दोन-दोन वर्षे जागेवर बसतो. व्याजाच्या पैशाने तर हे काम मुळीच करू नये. कामाला उशीर होणारच आणि हप्ता उशीर ओळखत नाही.

शिवाय चालविण्याचा खर्च आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. ते आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतही बनते, उसाला त्याचा आधार आहे, ही आनंदाची गोष्ट. परंतु इथेनॉल पाणी ओढते. जुन्या मोटारीच्या रबरी नळ्या, कार्बोरेटरची पॅकिंगे आणि लोखंडी टाकी त्यासाठी बनलेली नाहीत. नळ्या व पॅकिंगे नवीन जातीची बसवावी लागतात आणि मोटार बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी लागते.

घरात काय ठरले

बहिणीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "चाचा, अब्बांची गाडी भंगारात जाऊ नये असे मलाही वाटते. पण तिच्यासाठी भावाची यंत्रे थांबली तर अब्बांनाच ते आवडले नसते." या बोलण्यावर दोघेही भाऊ गप्प झाले.

शेवटी ठरले ते असे. यंत्रांची रक्कम यंत्रांसाठीच राहील. मोटार विकायची नाही आणि आज पूर्ण उभीही करायची नाही. फक्त तिचा नाश थांबवायचा. तिघांच्या संमतीने कागद थोरल्याच्या नावे करायचे ठरले. मोटार खताच्या शेडमधून काढून पक्क्या फरशीवर, लाकडी ओंडक्यांवर ठेवली. सुटा गंज तारेच्या ब्रशने खरडला, उरलेल्यावर फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावून तो थोपविला, वर जस्ताचे प्रायमर मारले आणि उंबऱ्याच्या पोकळीत मेण-तेल सोडले. टाकी काढून ठेवली. उस्तादांनी सांगितल्याप्रमाणे सिलिंडरमध्ये तेल सोडले. मोटारीतून निघालेला प्रत्येक नट आणि पट्टी डब्यात घालून चिठ्ठ्या लावल्या. पुढे कमाईतून रक्कम उरेल तेव्हा आधी उंबरे आणि पाट्यांच्या जागा, मग इंजिन व ब्रेक आणि सर्वांत शेवटी रंग, असा क्रम लिहून ठेवला. यंत्रे आली आहेत व चालू आहेत. मोटार जशी होती तशी आहे, पण आता ती कमी होत नाही.

कारागीर बंधूंना दोन शब्द

अशा कामात ग्राहक आंधळा असतो. त्याला रंग दिसतो, रंगाखालचे दिसत नाही. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टीचा थर देऊन वर चकचकीत रंग मारणे म्हणजे डागी ताका घडी फिरवून विकणे. काही महिन्यांत फोड येतात, आणि फियाटसारख्या मोटारीत हा केवळ रूपाचा प्रश्न नसतो. उंबऱ्यात पुट्टी भरलेली मोटार अपघातात मिटते. तेथे माणूस बसलेला असतो.

काम घेण्याआधी मोटार मोकळी करून, टोच्याने तपासून, फोटो काढून लेखी अंदाज द्यावा. ज्या जागा उघडल्याशिवाय कळणार नाहीत त्या वेगळ्या लिहाव्यात. एकरकमी ठेक्यापेक्षा टप्प्याटप्प्याने काम घ्यावे व टप्प्याचे पैसे टप्प्यावर घ्यावेत. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी गाडीतून काढलीच पाहिजे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ असते. आणि काम होण्याजोगे नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. एक काम हातचे जाते, पण नाव राहते.

नव्या मोटारींचा भाग खराब झाला की तयार नवा बसवितात. सपाट पत्र्यातून हातोडीने गोलाई काढणारे हात कमी होत चालले आहेत. बारामतीच्या त्या उस्तादांकडे दोन पोरे शिकत होती, आता एकच आहे. ज्यांच्या घरात हा हुन्नर आहे त्यांनी तो मुलांना शिकवून ठेवावा. जुन्या मोटारी थोड्याच राहतील, पण त्यांना हात लावू शकणारे त्याहूनही थोडे राहतील, आणि थोड्यांनाच चांगला दाम मिळतो.

ज्यांच्या शेडमध्ये अशी मोटार उभी आहे त्यांनी आज एवढेच करावे. खताची पोती बाजूला काढावीत, चाके जमिनीपासून उचलावीत, नोंदणी पुस्तक शोधावे आणि घरातील सर्व वारसांना एकत्र बसवावे. उभी करावी की मोडावी हे त्यानंतर ठरवावे. त्यासाठी वेळ आहे. गंज मात्र कुणाच्या निर्णयासाठी थांबत नाही.